तोफ जिन्याने जातो

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने चढताना दिसला की कुणालाही वाटणार, लिफ्ट बंद आहे. मग पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून विचारायचंच, "काय हो, पुन्हा बंद पडली का?"

"चालू आहे," तोफ म्हणायचा. "माझे पायही चालू आहेत. तुमच्या पोटात का दुखतंय?"

यापुढे सहसा कुणी काही विचारत नसे.

तोफ हे नाव त्याला लिफ्ट कंपनीतल्या लोकांनी ठेवलं होतं. एक तर त्याचं अंग तसं होतं, एकशे बारा किलो. आणि तोंडही तसंच होतं. 'तोफ आली' म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे 'तोफ आला' म्हणायचे, तेही तो खोलीबाहेर असताना. पुढे अंग गेलं, तोंड राहिलं, म्हणून नावही राहिलं.

कामात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. केबिनमध्ये उभा राहून तो डोळे मिटायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा की तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप घासतंय, किंवा वर मोटरचा ब्रेक चिकटतोय. ग्राहक त्याच्या तोंडाची तक्रार करत आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच पाठवा म्हणत.

त्याचे ग्रह फिरले ते एका जुन्या सात मजली इमारतीत. तिथल्या मशीनरूमला जायला जिन्याच्या टोकाशी भिंतीत ठोकलेली लोखंडी शिडी होती आणि वर छताला जेमतेम माणूस जाईल एवढी चौकोनी झडप. तोफ त्या झडपेतून वर्षानुवर्षं जात आला होता, दर वर्षी थोडा जास्त श्वास रोखून. त्या दिवशी खांदे गेले, छाती गेली आणि हत्यारांच्या पट्ट्यासकट तो पोटाशी अडकला. ना वर, ना खाली. बरोबरचा मेकॅनिक, ज्याला सगळे लंबू म्हणत, पाय ओढून ओढून दमला. शेवटी पट्टा कापला, लिफ्टच्या रुळांना लावायचं ग्रीस पोटाभोवती फासलं, तेव्हा कुठे चाळीस मिनिटांनी तोफ खाली आला. तोवर जिन्यावर अर्धी इमारत गोळा झाली होती. कुणीतरी फोटो काढला. फोटोत एक छत, आणि छतातून लोंबणारा कमरेखालचा माणूस. संध्याकाळपर्यंत तो कंपनीतल्या प्रत्येकाच्या फोनवर होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे दुरुस्ती विभागाचे प्रमुख. मोजकं बोलायचे, आणि बोललेलं परत घ्यायचे नाहीत.

"उद्यापासून टेबलावर बसा. फोनवर तक्रारी घ्या."

"मी मेकॅनिक आहे साहेब, टेलिफोनवाला नाही."

"झडपेतून जायला लागलात की पुन्हा मेकॅनिक."

तोफला तक्रारी घ्यायला बसवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखंच. पहिल्याच आठवड्यात त्याने एका बाईंना सांगितलं की तुमची लिफ्ट ठीक आहे, तुम्हीच दारात पाय घालून शेजारणीशी अर्धा तास बोलता, ते आधी बंद करा. पण साहेब बधले नाहीत. तोफ त्या खुर्चीत बसून राहिला, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताशी जे असतं ते सगळं खात राहिला.

इथे त्याचा मेहुणा कथेत येतो. बायकोचा धाकटा भाऊ. बाजारपेठेत त्याचं वजन उतरवण्याचं केंद्र होतं. पांढऱ्या भिंती, काचेचं दार, आणि एका ओळीत मांडलेले पावडरचे डबे. मेहुणा अंगाने काडी होता, जन्मापासूनच. वजन उतरवायचं म्हणजे काय हे त्याला स्वतःला कधी कळायची गरज पडली नव्हती, पण लोकांना शिकवताना तो असा बोलायचा की जणू दोन-तीनदा स्वतःच्या अंगावरचा डोंगर उपसून बसलाय.

"भावोजी, चाळीस दिवस माझ्या हातात द्या," तो म्हणाला.

तोफने दिले. सकाळी पावडर, संध्याकाळी पावडर, मध्ये काकडी. चाळीस दिवसांत नऊ किलो गेले. घरात कौतुक झालं, बायकोने भावाला फोन करून डोळे पुसले. पाच महिन्यांत अकरा किलो परत आले. दुसऱ्यांदा केलं, आठ गेले, दहा आले. तिसऱ्यांदा विसाव्या दिवशी तोफ टेबलावर बसल्या बसल्या घेरी येऊन खाली घसरला आणि कपाळ फुटलं. तीन टाके पडले.

त्या रविवारी मेहुणा घरी आला. तोफच्या कपाळावर पट्टी होती. मेहुण्याने पट्टीकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं.

"तुम्ही मधे काहीतरी खाल्लं असणार."

"खाल्लं असतं तर पडलो असतो का?"

"पावडर चुकत नसते भावोजी. माणूस चुकतो. तुमच्यात निग्रह नाही, त्याला मी तरी काय करणार?"

तोफ उठला, स्वयंपाकघरातून पावडरचा डबा आणला आणि मेहुण्याच्या देखत मोरीत उपडा केला. पाण्याचा नळ सोडला. पावडर फुगली, मोरी तुंबली.

"आता ऐक," तोफ म्हणाला. "मी बारीक होणार. तुझ्या नाकावर टिच्चून होणार. आणि तेही जेवून!"

"जेवून?" मेहुणा हसला. "मग आम्ही केंद्र कशाला उघडलंय?"

"तेच तर मी सगळ्यांना विचारतोय."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "माझ्या भावाला माझ्या घरात असं बोलायचं नाही." आणि तोंड फुगवून तुंबलेली मोरी साफ करायला लागली. ती स्वतःही तीच पावडर घेत होती. तिचंही जात होतं आणि येत होतं. पण त्या घरात बायकोच्या वजनाबद्दल कुणी बोलायचं नाही असा नियम होता. बोलायचं ते फक्त तोफच्या.

माणसं प्रेमापोटी मोठमोठी कामं करतात म्हणे. तोफने केलं ते निव्वळ रागापोटी, आणि राग त्याच्याकडे मुबलक होता. फक्त या वेळी त्याने चाळीस दिवसांचा हिशेब सोडून दिला. तक्रारींच्या कोऱ्या फॉर्मवर त्याने आठवडाभर काय काय पोटात जातं ते लिहून काढलं. खोटं लिहायचं नाही, कारण वाचणारा तो स्वतःच, आणि स्वतःवरही त्याचा विश्वास फारसा नव्हता. दिवसाला सात चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. ड्रॉवरमधली बिस्किटं, पाकिटावारी. लेकीच्या ताटातलं उरलेलं, बायकोच्या ताटातलं उरलेलं, पातेल्याच्या तळाला राहिलेलं, वाया जाऊ नये म्हणून. रात्रीचं जेवण टीव्हीसमोर, किती झालं ते कधीच न कळता. आणि दिवसाचं चालणं? घरापासून स्कूटरपर्यंत. स्कूटरपासून लिफ्टपर्यंत.

"मी उकिरडा झालोय," तो लंबूला म्हणाला. "घरात जे उरेल ते माझ्यात."

सुरुवात त्याने साखरेपासून केली. दोनाचा दीड चमचा, महिन्याने एक, मग अर्धा. अर्ध्यावर थांबला, कारण बिनसाखरेचा चहा त्याच्या मते औषध होतं आणि तो आजारी नव्हता. बिस्किटांचा डबा त्याने ड्रॉवरमधून काढून तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवला. खा, कुणी नाही म्हटलंय, पण चार मजले उतरून खा आणि चार मजले चढून परत ये. पहिल्या आठवड्यात तो दोनदा उतरला. मग त्याला कंटाळा आला. आळस हा त्याचा जुना शत्रू होता, त्याला त्याने पहिल्यांदाच कामाला लावलं.

जिन्याची सवय लागायला वर्ष गेलं. आधी एक मजला चढायचा आणि तीन मजले लिफ्टने. महिनाभर तेवढंच. कंपनीत हसाहशी. लिफ्टवाल्यांचा माणूस पहिल्या मजल्यावर धापा टाकत लिफ्टची वाट बघतोय, यासारखी करमणूक दुसरी नव्हती. मग दोन मजले, मग तीन. स्कूटर तो कंपनीच्या फाटकात न लावता मैदानापलीकडे लावायचा. पावसात छत्री, उन्हात टोपी, आणि तोंडात शिव्या.

घरात त्याने लेकीचं लहानपणचं ताट काढलं. लेक तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती, तिला त्या ताटाची गरज उरली नव्हती. तेवढ्या ताटात मावेल ते सगळं घ्यायचं, पुन्हा हवं असेल तर दहा मिनिटं थांबून घ्यायचं. टेबलावर बसून जेवायचं, टीव्ही बंद. उभ्याने काही तोंडात टाकायचं नाही. उरलेलं फ्रिजमध्ये, पोटात नाही. एवढेच नियम. वर्ज्य काहीच नाही. लेकीच्या वाढदिवसाला त्याने सगळ्यांदेखत केकचा तुकडा खाल्ला, सावकाश, चमचा चाटून. मेहुणा समोरच बसला होता.

"झालं!" मेहुणा म्हणाला. "आता महिन्याभराची मेहनत गेली."

"तुझी जात असेल. माझी जात नाही. उद्या मी पुन्हा जिना चढणार आहे."

असं करत त्याला दोन वर्षं सात महिने लागले. कुठल्या महिन्यात अर्धा किलो, कुठल्या महिन्यात काहीच नाही, एकदा तर सलग चौदा आठवडे काटा जागचा हलला नाही. पण एकशे सोळाचे शहाऐंशी झाले. तो साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पट्टा द्या." साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाट उघडलं आणि हत्यारांचा नवा पट्टा टेबलावर ठेवला. अभिनंदन वगैरे केलं नाही. तोफला ते फार आवडलं.

इथे दुसरा कुणी लेखणी ठेवून देईल. वजन उतरलं, काम परत मिळालं, गोष्ट संपली. पण वजन उतरवणारे गल्लोगल्ली सापडतात. ते उतरलेलं वर्षानुवर्षं तसंच ठेवणारा माणूस घरच्यांना कसा दिसतो, हे कुणी सांगत नाही. तोफच्या घरात तो पाहुण्यासारखा दिसायला लागला, आणि पाहुणाही असा, की जो जात नाही.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. बायकोची तेव्हा पावडरची पाचवी खेप नुकतीच मोडली होती. तिने दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले आणि एकदम चमचा खाली आपटला.

"असं बघू नका माझ्याकडे."

"मी घड्याळाकडे बघतोय. दहा मिनिटं झाली का म्हणून."

"तेच ते! दहा मिनिटं! तुमचं ते बोटभर ताट आणि ते घड्याळ. समोर बसलं की घास उतरत नाही माझ्या घशाखाली. मी जेवते म्हणजे जणू चोरी करते."

"मग माझ्या ताटाकडे बघू नकोस," तोफ म्हणाला. आणि तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण तोफ कधी थांबतो? "तुझ्या भावाला विचार. निग्रह नाही म्हणेल."

लेकीने आपलं ताट उचललं आणि आत गेली.  बायकोने बटाटे तसेच ठेवले, आणि त्या दिवसापासून ती आधी जेवायला लागली, एकटी, तो यायच्या आत.

पाच वर्षं अशीच गेली. काटा पंच्याऐंशी आणि सत्त्याऐंशीच्या मध्ये. घरातलं बोलणं कामापुरतं. भाजी आणली का, गॅस संपलाय, लेकीची फी भरली का. लेक कॉलेजातून नोकरीला लागली, तिचा साखरपुडा झाला. जिन्यात भेटणारी माणसं लिफ्टबद्दल विचारत राहिली आणि तोफ त्यांना उत्तरं देत राहिला.

मग एका सकाळी तो एका नव्या इमारतीत लिफ्टचं दार दुरुस्त करत होता. दार अर्ध्यात अडत होतं. आतल्या बाजूने पट्टी सैल करायला तो केबिनमध्ये शिरला आणि आरशावर चिकटवलेली जाहिरात त्याच्या नाकासमोर आली. डावीकडे छत, छतातून लोंबणारा कमरेखालचा माणूस. उजवीकडे लेकीच्या साखरपुड्यातला हसरा तोफ, नव्या शर्टात. वर ठळक अक्षरं: 'चाळीस दिवसांत!' खाली मेहुण्याच्या केंद्राचा पत्ता.

तोफने आधी दार दुरुस्त केलं. चार वेळा उघडून-बंद करून पाहिलं. मग पातं काढून जाहिरात आरशावरून खरवडली, घडी करून खिशात घातली आणि सरळ बाजारपेठेत गेला.

केंद्रात पाच-सहा जण वाट बघत बसले होते. मेहुणा काचेआड होता, तोफला बघताच उठून बाहेर आला, हात पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अरे वा! ज्यांची गोष्ट मी सांगत होतो, तेच आले. या भावोजी, या!"

तोफने घडी उलगडून त्याच्या छातीवर धरली.

"हा लोंबणारा कोण?"

"भावोजी, घरचा माणूस म्हणून..."

"घरच्या माणसाचं ढुंगण भिंतीवर लावतोस?"

कुणीतरी फिसकन हसलं. मेहुण्याने आवाज खाली आणला. "आत चला, आत बोलू."

"आत कशाला? चाळीस दिवस असं बाहेर लिहिलंयस, मग बाहेरच बोलू." तोफ बसलेल्या माणसांकडे वळला. "या पावडरने माझं तीन वेळा उतरलं आणि तीन वेळा परत आलं. तिसऱ्यांदा कपाळ फुटलं, हे बघा. नंतर जे उतरलं त्याला दोन वर्षं सात महिने लागले, आणि त्यात या डब्यातला एक चमचाही नव्हता."

"आणि सुरुवात कुणी करून दिली?" मेहुणा आता तापला. "जिद्द कुणामुळे आली? मी बोललो नसतो तर आजही त्या भोकात अडकून बसला असता!"

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तोफचं डोकं आणखी फिरलं. तो काहीतरी भयंकर बोलणार होता, पण कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. चाळिशीच्या असतील, मांडीवर पिशवी.

"पण मग तुम्ही केलंत काय?" त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं.

तोफने सांगितलं. साखर कशी कमी केली, बिस्किटं कुठे ठेवली, जिना, छोटं ताट, बसून जेवणं, उरलेलं न खाणं. सांगताना त्यालाच ते फार किरकोळ वाटायला लागलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

"रोज म्हणजे कधीपर्यंत?"

"म्हणजे रोज. कधीपर्यंत काय?"

बाईंनी मान हलवली, पिशवी नीट मांडीवर ओढली आणि मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "पहिला डबा आजच मिळेल का?"

मेहुण्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते तोफ मरेपर्यंत विसरणार नाही. तो पाय आपटत बाहेर पडला. त्या दिवशी आणि पुढचे आठ दिवस त्याने शहरातल्या आपल्या ताब्यातल्या प्रत्येक लिफ्टमधून ती जाहिरात खरवडून काढली. पण लढाई हरल्याचं त्याला ठाऊक होतं.

खरा घाव पुढेच होता. छताचा फोटो कंपनीतून कुणीही दिला असेल. साखरपुड्याचा फोटो मात्र घरातल्या अल्बममधला होता.

"तू दिलास?" त्याने बायकोला विचारलं.

"दिला." ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले नाहीत. "माझ्या भावाने मागितला, मी दिला."

"मला न विचारता?"

"तुम्ही बारीक व्हायला लागलात तेव्हा मला विचारलं होतंत?" आता हात थांबले. "एकट्याने ठरवलंत, एकट्याने केलंत. माझी मोरी तुंबवून सुरू केलंत. कधी म्हणालात का, की तूही चल मैदानापर्यंत? कधी एकदा? लोक विचारतात, अहो, तुमचे हे कसे हो बारीक झाले? मी काय सांगू? मला माहीत नाही म्हणू? मला वाटलं, निदान माझ्या भावामुळे झाले असं तरी म्हणू द्या मला. माझं काहीतरी असू दे त्यात."

  तोफला राग आला, कारण तिचं चुकलं होतं हे त्याला कळत होतं आणि तिचं बरोबरही होतं हेही.

घरातलं कामापुरतं बोलणंही बंद झालं. गॅस संपला तर चिठ्ठी. मेहुण्याकडे जाणंयेणं बंद. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण फक्त बायकोच्या नावाने आलं, ती एकटी जाऊन आली.

आणि या शांततेत तोफ पुन्हा खायला लागला. कुणाला दिसलं नाही. ओट्याशी उभ्याने, पातेल्यातून चमच्याने, दिवा न लावता. शेंगदाण्याची बरणी कामाच्या पिशवीत आली. जिना तो चढत होता, पण वर पोचला की आज एवढं चढलो म्हणून पिशवीत हात घालायचा. चार महिन्यांत काटा ब्याण्णववर गेला. शर्टाचं बटण पोटाशी ताणलं गेलं तेव्हा त्याला पहिला विचार आला तो उपासाचा. आठ दिवस नुसतं पाणी. दुसरा विचार आला तो मेहुण्याचा. ब्याण्णवचा आकडा त्याला कळला तर तो पेढे वाटल्यासारखा डबे वाटेल.

उपास त्याने केला नाही. ते शहाणपण नव्हतं. तिसऱ्या खेपेची घेरी त्याच्या कपाळाला आठवत होती, एवढंच. त्याने शेंगदाण्याची बरणी नेऊन पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवली. संध्याकाळी घरी येऊन छोटं ताट घासलं, टेबलाशी बसला. बायको नेहमीप्रमाणे आधीच जेवून उठली होती. तो एकटा बसून जेवला. दुसऱ्या दिवशीही. ब्याण्णवचे शहाऐंशी व्हायला आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत त्याला पहिल्यांदा कळलं की हे कधीच 'झालं' होणार नाही. कपडे रोज धुवावे लागतात तसं. यात त्याला दुःख वाटलं नाही, चीड आली. पण चिडून का होईना, तो बसत राहिला.

त्याच दिवसांत एकदा त्याने दारात बूट घालता घालता, भिंतीकडे बघत म्हटलं, "फोटो दिलास ते मला अजून आवडलेलं नाही."

बायको आतून म्हणाली, "मला माहितीय."

"पण बटाट्याच्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

 तो लेस बांधत बसला, नको तेवढा वेळ.

"मैदानापर्यंत येतेस का?" त्याने विचारलं.

"नाही," बायको म्हणाली.

"नको येऊस," तोफ म्हणाला आणि दार ओढून गेला.

दोनेक महिन्यांनी लेक सासरहून माहेरी आली होती. तिने बापाला सांगितलं की आई हल्ली सकाळी बाहेर जाते. तोफ निघाल्यावर दहा मिनिटांनी. मैदानाकडे नाही, उलट बाजूने, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. पावडर बंद केली आहे. मामाला अजून सांगितलेलं नाही.

"मला का सांगतेस?" तोफ म्हणाला. "तिचं ती बघेल."

पण दुसऱ्या दिवसापासून तो दहा मिनिटं लवकर निघायला लागला, तिला जास्त खोळंबायला लागू नये म्हणून. हे लेकीच्या लक्षात आलं. बायकोच्याही आलं असणार.

आज तोफ बावन्न वर्षांचा आहे. मेहुण्याचं केंद्र चालूच आहे, जोरात चालतंय. त्याच्या दुकानाच्या रस्त्याने तोफ जात नाही, आणि समोरासमोर आले तर दोघंही रस्त्याची दुसरी बाजू धरतात. टाकीची वाट बायकोची, मैदानाची तोफची, आणि एकत्र चालायला जायचं असं काही अजून झालेलं नाही. जेवायला मात्र हल्ली दोघं एकाच वेळी बसतात. बायकोचं ताट मोठंच आहे आणि ती त्यात घ्यायचं तेवढंच घेते. बोलणं फारसं होत नाही. परवा तिने बटाटे वाढताना विचारलं, "अजून हवे का?" तोफने घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "थांब जरा. सांगतो."